हप्ता, पट्टा आणि नगरपालिका
अहिवाऱ्याच्या निमित्ताने परवडणाऱ्या घरांच्या अर्थकारणाचा विचार

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेला अहिवारा नावाची नगरपालिका आहे. तिच्या शेजारी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून त्या कारखान्याला लागणाऱ्या चुनखडीचा मोठा वाटा याच भूमीने दिला. कारखान्याच्या कायम कामगारांसाठी आखीव सेक्टर वसले, त्यात घरे, शाळा, दवाखाने, रुंद रस्ते आले. ठेकेदाराकडे रोजावर काम करणारा, खाणीच्या कडेला झोपडी टाकणारा, शेती सुटल्यावर गावातून आलेला माणूस मात्र त्या आखणीत नव्हता. त्याच्या घराची जबाबदारी फिरत फिरत अहिवाऱ्यासारख्या लहान नगरपालिकेकडे आली आहे. ही नगरपालिका त्या घरासाठी पैसा कोठून आणते आणि त्या पैशावर देखरेख कशी ठेवते, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. लहान नगरपालिकेला घरकुल योजनेत देखरेखीचे काम भरपूर मिळते, पण स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असा पैसा जवळजवळ मिळत नाही. योजनेतल्या ज्या फटींत गरीब कुटुंब अडकते त्या बुजवायला नेमका तसाच पैसा लागतो, आणि रक्कम फार मोठी नसते.

एकाच राज्यातून निघालेल्या दोन वाटा

मराठी वाचकाला दुर्ग दूरचा वाटण्याचे कारण नाही. 1956 पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग नागपूर राजधानी असलेले मध्य प्रदेश. त्या राज्याने 1950 मध्ये गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला. राज्यपुनर्रचनेनंतर त्याच कायद्याखाली 1960 मध्ये विदर्भ गृहनिर्माण मंडळ उभे राहिले. उर्वरित महाराष्ट्रात 1948 पासून मुंबई गृहनिर्माण मंडळ काम करत होते. ही दोन्ही मंडळे, मुंबईचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ यांच्या एकत्रीकरणातून डिसेंबर 1977 मध्ये म्हाडा अस्तित्वात आली. पलीकडे मध्य प्रदेशाने 1972 मध्ये गृहनिर्माण मंडळाचा नवा कायदा केला आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ वेगळे झाल्यावर तिथे स्वतंत्र मंडळ आले.

दोन्ही ठिकाणच्या मंडळांची मूळ रीत सारखी आहे. जमीन मिळवायची, घरे बांधायची, विकायची, आणि आलेल्या पैशातून पुढची योजना उचलायची. मध्यम व उच्च उत्पन्न गटाच्या घरांवर जे उरते त्यातून अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत थोडी खाली आणता येते. जिथे जमिनीला भाव आहे तिथे ही रीत चालते. मुंबईत म्हाडाच्या सोडतीला जी गर्दी होते तिच्या मागे बाजारभाव आणि म्हाडाची किंमत यांतली दरी आहे. अहिवाऱ्यात तशी दरीच नाही. तिथे महाग घर विकून स्वस्त घराला टेकू देण्याइतका ग्राहक नाही, आणि ज्याला घर हवे आहे त्याच्याजवळ बहुधा जमिनीचा तुकडा आहे, वरचे छप्पर तेवढे धड नाही. बांधून विकणाऱ्या संस्थेपेक्षा बांधायला मदत करणारी संस्था त्याच्या अधिक कामाची.

पैसा कोठून निघतो, कोठे पोचतो

ती मदत 25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाने रचली. योजनेचे चार घटक होते: झोपडपट्टीचा जागच्या जागी पुनर्विकास, गृहकर्जावर व्याजाचे अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे, आणि लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर बांधायचे घर. देशभर मंजूर झालेल्या सुमारे 1 कोटी 18 लाख घरांपैकी निम्म्याहून अधिक या शेवटच्या घटकातली आहेत. छत्तीसगढमध्ये त्याला ‘मोर जमीन मोर मकान’ असे छत्तीसगढी नाव दिले गेले आणि लोक योजनेला त्याच नावाने ओळखतात. भागीदारीतल्या घरांसाठी ‘मोर मकान मोर चिन्हारी’ आणि भाडेकरूंसाठी ‘मोर मकान मोर आस’ अशी नावे आली.

अहिवाऱ्याच्या आकाराच्या गावाला स्वतःच्या जागेवरचे घर हाच घटक सोयीचा ठरतो. भागीदारीच्या प्रकल्पाला पहिल्या टप्प्यात किमान 250 घरांची अट होती. एवढी घरे एका ठिकाणी बांधायची तर सलग जमीन हवी, रस्ता-पाणी-मलनिस्सारण हवे, आणि स्वतःचा वाटा भरू शकणारी 250 कुटुंबे एकाच वेळी हवीत. खाणीच्या गावात माणसे कामाच्या जवळ राहतात. गावाबाहेरच्या चार मजली इमारतीत गेले की रोजची पायपीट वाढते, आणि कोंबडी, बकरी, परसातली भाजी हा जोडउत्पन्नाचा आधारही सुटतो.

केंद्राचे अनुदान एका घरामागे दीड लाख रुपये. ते तीन भागांत सुटते: 40 टक्के, 40 टक्के, 20 टक्के, म्हणजे 60 हजार, 60 हजार आणि 30 हजार. दुसरा भाग मिळण्यासाठी आधीच्या रकमेपैकी 70 टक्के खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. शेवटचे 30 हजार घर पूर्ण झाल्यावरच द्यायचे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. राज्य आपला वाटा वेगळा घालते. केंद्राकडून राज्याच्या तिजोरीत, तिथून राज्यस्तरीय मध्यवर्ती संस्थेकडे, मग नगरपालिकेमार्फत लाभार्थ्याच्या बँक खात्यात, असा हा प्रवास. छत्तीसगढमध्ये ही मध्यवर्ती संस्था म्हणजे राज्य शहरी विकास अभिकरण, बोलीभाषेत ‘सूडा’; महाराष्ट्रात तेच काम म्हाडा करते.

मंजुरीचा प्रवास याच्या उलट दिशेने होतो. नगरपालिका मागणीचे सर्वेक्षण करते, यादी बनवते, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करते. तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यस्तरीय मंजुरी व संनियंत्रण समितीपुढे जातो आणि तिथून केंद्राच्या समितीकडे, जिचे अध्यक्ष गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचे सचिव असतात. अहिवाऱ्यातल्या एका खोलीच्या घराची फाइल दिल्लीपर्यंत जाऊन येते. या व्यवस्थेत लबाडीला वाव कमी राहतो, हे मान्य करायला हवे. पूर्वीच्या योजनांमध्ये ठेकेदाराने घरे बांधायची आणि माणसांनी तिथे जायचे नाकारायचे, असे अनेक शहरांत घडले. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशाने बांधलेले घर ओस पडत नाही.

जुलै 2021 पासून केंद्रीय योजनांचा पैसा ठेवण्याची पद्धतही बदलली. प्रत्येक राज्यात प्रत्येक योजनेचे एकच मध्यवर्ती खाते. खालच्या संस्थांनी शून्य शिलकीच्या खात्यातून, ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यावर खर्च टाकायचा. कोट्यवधी रुपये गावोगावच्या खात्यांत पडून राहण्याचा प्रकार त्यामुळे थांबला. पण याची दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. आधी वरून हप्ता लांबला तर मुख्य नगरपालिका अधिकारी खात्यातल्या शिलकीवर महिनाभर काम निभावून नेऊ शके. आता शिल्लकच नाही. वर उशीर झाला की तो जसाच्या तसा अर्ध्या भिंती उभारून थांबलेल्या कुटुंबाच्या दारात येतो.

दीड लाखाचे नऊ वर्षांत काय झाले

योजनेचा दुसरा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 ऑगस्ट 2024 रोजी मंजूर केला. त्यात स्वतःच्या जागेवरच्या घरासाठी, छत्तीसगढ किंवा महाराष्ट्रासारख्या राज्यांत, केंद्राचे अनुदान किती? दीड लाखच. 2015 मध्ये ठरलेला आकडा 2024 मध्येही तोच राहिला. सुधारणा झाली ती राज्याच्या वाट्यात: राज्याने किमान एक लाख घातलेच पाहिजेत अशी अट आली. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांना केंद्र सव्वादोन लाख देते.

एक साधा हिशेब करू. घराचे चटईक्षेत्र किमान 30 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. भिंतींची जागा सोडून देऊ. चौरस फुटाला दीड हजार रुपये खर्च धरला (हा दर केवळ हिशेबापुरता) तर घर सुमारे 4 लाख 84 हजारांना पडते. केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख. उरलेले 2 लाख 34 हजार कुटुंबाचे. या योजनेत दुर्बल घटक म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब, आणि रोजंदारीवरच्या अनेकांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या बरेच खाली असते. अशा घराने जवळजवळ वर्षभराच्या कमाईइतकी रक्कम उभी करायची आहे. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी चढली की चढलेला प्रत्येक रुपया याच वाट्यात पडतो, कारण बाकीचे दोन वाटे गोठलेले आहेत. ज्याला आपण अनुदानाचे घर म्हणतो त्यातला सगळ्यांत मोठा आणि एकमेव वाढता हिस्सा गरिबाचा स्वतःचा असतो. तो त्याने कोठून आणला, कोणत्या व्याजाने आणला, याची नोंद कोणत्याही नमुन्यात नाही.

शिवाय हप्ता कामाच्या टप्प्याशी बांधलेला आहे. पाया, लिंटल, स्लॅब, पूर्णत्व, अशा टप्प्यांवर घराचे फोटो स्थानासह नोंदवायचे आणि त्या प्रमाणात पैसा सोडायचा. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने हे चोख आहे. पण काम आधी आणि पैसा मागून, याचा अर्थ पाया खणायचा पैसा ज्याच्याकडे आहे त्यालाच योजना सुरू करता येते. ज्याच्याकडे नाही तो जुनी झोपडी मोडतो, उसनवार करतो, सिमेंटच्या दुकानदाराकडे उधारी करतो आणि तोवर नातेवाइकाच्या ओसरीवर राहतो. पावसाळ्याआधी स्लॅब पडला नाही तर चार महिने तसेच जातात.

शेजारच्या खेड्यातला माणूस काही बाबतींत याहून बरा असतो. ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागात अनुदान 1 लाख 20 हजार, म्हणजे कमी. पण स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची 90 दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळे, शौचालयाचे 12 हजार वेगळे. घरातली दोन माणसे राबली तर त्या राबण्याचाही पैसा होई. नगरपालिकेची हद्द ओलांडली की हा आधार नाही, जरी दोन्ही बाजूंची घरे, माती आणि मजुरी एकच असली.

पट्टा नसेल तर

स्वतःच्या जागेवर घर म्हटले की जागा स्वतःची असल्याचा कागद आला. इथे खरी गाळणी लागते. अविभाजित मध्य प्रदेशाने 1984 मध्ये शहरी भागातल्या भूमिहीनांना ते राहत असलेल्या सरकारी जागेचा पट्टा देणारा कायदा केला. त्या काळात हा मोठा धाडसी कायदा होता आणि छत्तीसगढला तो वारशाने मिळाला. आज त्या राज्यात पक्की घरे दिसणाऱ्या कितीतरी वस्त्यांचा पाया त्या पट्ट्यांनी घातला आहे. पण हा कायदा राज्य सरकारच्या जमिनीवर चालतो. कारखान्याची, खाणीच्या भाडेपट्ट्याची, रेल्वेची जमीन राज्याच्या हातात नाही. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भागात अशी जमीन मोठी आहे. तिच्यावर पिढी गेलेल्या कुटुंबाला मतदार ओळखपत्र मिळते, वीज मिळते, शिधापत्रिका मिळते. घरकुलाच्या यादीत मात्र त्याचे नाव बसत नाही.

म्हणून मला वाटते की अहिवाऱ्यासारख्या नगरपालिकेच्या कामाचे मोजमाप पूर्ण झालेल्या घरांच्या आकड्यावर करणे अपुरे आहे. सर्वेक्षणात किती कुटुंबे कच्च्या घरात आढळली, त्यांपैकी किती जणांकडे कागद होता, कागद नसलेल्यांपैकी किती जण पट्टा मिळण्याजोग्या जमिनीवर आणि किती जण परक्या मालकीच्या जमिनीवर होते, ही विभागणी आधी समोर यायला हवी. दुसऱ्या टप्प्याच्या सूचनांनी राज्यांना भूमिहीन लाभार्थ्यांस जमिनीचा हक्क देऊन या घटकात आणण्याची वाट मोकळी ठेवली आहे. ती वाट महसूल खात्यातून जाते, आणि नगरपालिका तिथे अर्जदार असते.

कागदाचा प्रश्न संघटनेने कसा सुटतो हे सोलापूरने दाखवले. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आधी उभी राहिली होती. त्याच अनुभवावर माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प आखला गेला: विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, बांधकाम मजूर. 9 जानेवारी 2019 रोजी पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15 हजार घरांचा ताबा दिला गेला. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख सोडून उरलेला वाटा कामगारांचा. हप्ता तिथेही अपुराच होता. फरक इतकाच की जमीन, कर्ज आणि पाठपुरावा यांसाठी एकेकटे कुटुंब कार्यालयात उभे नव्हते, संस्था उभी होती. अहिवाऱ्यात 30 हजार कामगार नाहीत. पण वस्तीतल्या 40 घरांनी एकत्र पट्ट्याचा अर्ज करणे आणि 40 जणांनी वेगवेगळे हेलपाटे घालणे यांत फरक तितकाच आहे.

देखरेख कोणाची, कशावर

योजनेत देखरेखीचे थर पुष्कळ आहेत. स्थाननोंद असलेले फोटो, आधारशी जोडलेले खाते, त्रयस्थ संस्थेकडून गुणवत्ता तपासणी, सामाजिक लेखापरीक्षण, महालेखापरीक्षकांची तपासणी. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असावे ही अट तर माझ्या मते या योजनेची सर्वांत दूरगामी गोष्ट आहे. कागदावर नाव असलेल्या बाईला घराबाहेर काढणे अवघड जाते.

देखरेखीचे यांतले बहुतेक थर पैशाचा गैरवापर पकडण्यासाठी बेतलेले आहेत. फोटो भिंत दाखवतो. भिंतीत सिमेंट किती, पायाखालची माती भरावाची की मूळची, हे फोटोला कळत नाही. लहान नगरपालिकेत रस्ता, गटार, पाणीपुरवठा आणि घरकुले एकाच उपअभियंत्याच्या टेबलावर असतात. त्याचा वेळ फोटो चढवण्यात, त्रुटी काढून परत आलेल्या नोंदी दुरुस्त करण्यात जातो. खाणीच्या सुरुंगांचे हादरे बसणाऱ्या भागात पाया किती खोल घ्यावा, कोपऱ्यांत सळ्या कशा बांधाव्यात, हे गवंड्याला जागेवर सांगणे हीदेखील देखरेख आहे, आणि ती सर्वांत उपयोगी देखरेख आहे. योजनेत नगर पातळीवर तांत्रिक कक्षाची तरतूद आहे. त्या कक्षातला माणूस आठवड्यातले किती दिवस जागेवर असतो, हा प्रश्न नगरसेवकांनी सभेत विचारावा असा आहे.

स्थानिक पैसा: एक जुनी मागणी आणि एक जुना उपकर

या खाणपट्ट्यात घराच्या पैशाचा प्रश्न नवा नाही. भिलाई कारखान्याच्याच दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींत 1977 मध्ये ठेकेदारी कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापला. शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते. त्यांच्या मागण्यांत पावसाळ्याआधी झोपडी शाकारण्यासाठी 100 रुपये भत्ता ही एक होती. 2 आणि 3 जून 1977 रोजी तिथे गोळीबार झाला आणि अकरा माणसे मेली. मागणी किती नेमकी होती पाहा: रक्कम लहान, वेळ ठरलेली, आणि हातात आधी मिळणारी. आजच्या योजनेत रक्कम त्याच्या कितीतरी पट मोठी आहे, पण ‘पावसाआधी’ आणि ‘काम सुरू होण्याआधी’ हे दोन शब्द तिच्यात नाहीत.

दुसरे उदाहरण मुंबईचे. 1920 च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी 207 चाळी बांधल्या. त्यासाठी कर्ज उभारले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया उपकर लावला. त्या चाळींत उणिवा पुष्कळ होत्या. खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट असल्याची तक्रार पहिल्यापासून होती. पण तत्त्व विचार करण्याजोगे आहे: ज्या मालावर शहर श्रीमंत होते त्याच मालाने कामगाराच्या घराचा काही भार उचलायचा.

अहिवाऱ्याजवळचा माल चुनखडी. 2015 मध्ये खाण व खनिज कायद्यात कलम 9ब आले आणि खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या भाडेपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी, तर लिलावाने दिलेल्या खाणींवर 10 टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. हा पैसा खाणबाधित माणसांसाठीच आहे. तो कोणत्या कामाला द्यायचा हे जिल्हा पातळीवर ठरते, नगरपालिका प्रस्ताव पाठवते. आजवर असे प्रस्ताव म्हटले की रस्ता, सभागृह, इमारत डोळ्यांसमोर येते. मी सुचवतो तो प्रस्ताव वेगळा आहे: घरकुलाच्या पायासाठी फिरता निधी.

मंजुरी मिळालेल्या कुटुंबाला काम सुरू करण्यापूर्वी 60 हजार बिनव्याजी द्यावेत, म्हणजे केंद्राच्या पहिल्या भागाइतकेच. शंभर कुटुंबांना 60 लाख लागतील. हप्ते आले की पैसे परत येतील आणि पुढच्या शंभरांकडे जातील. अडचण एकच, आणि ती गंभीर आहे: अनुदान थेट लाभार्थ्याच्या खात्यात येते, नगरपालिकेला ते कापून घेता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून हा निधी महिला बचत गटांच्या वस्तीपातळीवरच्या संघामार्फत फिरवावा. गटाला सभासदाची नड ठाऊक असते आणि परतफेडीची शिस्तही. ज्यांचा हप्ता सरकारच्या बाजूने लांबला त्यांच्याकडे वसुलीचा तगादा लावायचा नाही, ही अट करारातच लिहावी. रक्कम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्यावी, म्हणजे मे अखेरीस स्लॅब पडतो. आणि दर तिमाहीला नगरपालिकेच्या फलकावर चार आकडे लावावेत: किती कुटुंबांना आगाऊ रक्कम दिली, किती परत आली, किती घरे हप्त्याअभावी थांबली, आणि ती किती दिवस थांबली. यांतले शेवटचे दोन आकडे आज कोणत्याही अहवालात मागितले जात नाहीत. ते गोळा करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. परिषदेचा एक ठराव पुरतो.